सत्राचे कार्यक्रम आखताना

जून संपता संपता आमच्याकडे एक परिपत्रक येतं. ‘आगामी सत्रात ग्रंथालयामार्फत राबवावयाच्या उपक्रमांची यादी आठ दिवसांत सादर करावी.’ इतकी वर्षं ते वरिष्ठांच्या टेबलावर जायचं, यंदा माझ्याकडे आलं. मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर आमच्या दारावर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी पाटी लागली. रिक्षावाल्याला मात्र अजून ‘लायब्ररी’च सांगावं लागतं.

यादी करणं तसं दहा मिनिटांचं काम. मागची फाइल काढायची, साल बदलायचं, सही घ्यायची. तारखा ठरलेल्याच असतात. १२ ऑगस्टला राष्ट्रीय ग्रंथपाल दिन, म्हणजे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अभिजात मराठी, कारण ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं तो दर्जा दिला. १५ ऑक्टोबर डॉ. कलामांची जयंती, २०१५पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. झालं वर्ष.

प्रत्येक दिवसाचा साचाही ठरलेला. प्रतिमापूजन, हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार, चहा. बाजूला टेबलांवर पांढरी चादर टाकून ग्रंथप्रदर्शन. त्यातली पुस्तकं दरवर्षी तीच असतात, कारण ती चांगल्या बांधणीची आहेत आणि फोटोत बरी दिसतात.

फोटोचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही. मूल्यांकनाच्या फाइलमध्ये कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून जिओ-टॅग केलेला फोटो लागतो. खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. सोबत उपस्थितीपत्रक, एक पानी अहवाल, अभिप्रायाचे फॉर्म. खुर्च्या रिकाम्या दिसून चालत नाही. मग आमचे शिपाई मामा अभ्यासिकेत जातात आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना उठवतात, ‘चला रे, दहा मिनिटं बसा, फोटो झाला की या परत.’ पोरं बिचारी येतात. पॉलिटीचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून वाचन प्रेरणा दिनाला बसलेला मुलगा मी पाहिलाय. वाचत तोच होता, हे त्यातल्या त्यात खरं.

जुन्या फाइली चाळताना मी अभिप्रायाचे गठ्ठे उघडले. ‘छान’, ‘खूप छान’, ‘कार्यक्रम उत्तम झाला’, ‘चहा गरम हवा’. एका फॉर्मवर ‘सूचना’ या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘श्रीलिपीचं युनिकोड कसं करायचं ते कधी शिकवणार?’ तो फॉर्म ग्रंथालय सप्ताहातल्या एका व्याख्यानाचा होता. व्याख्यानाचा विषय ‘ग्रंथ हेच गुरू’.

यादी तशीच ठेवून मी काउंटरवर एक वही ठेवायला लावली. पुस्तक द्या-घ्या सोडून वाचक जे काही विचारेल ते तिथे लिहायचं. देवघेव विभागातल्या मॅडम आधी नाराज होत्या. ‘आम्हाला आहेत ती रजिस्टरं कमी आहेत का?’ पण ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांनी ती वही मनावर घेतली. ती संध्याकाळी काउंटरला बसतात, आणि त्यांना वाचकाचा प्रश्न आपलाच वाटतो.

वही जुलैभर भरत गेली आणि तिनं माझं काम सोपं केलं. रंगनाथनांविषयी एकही प्रश्न नव्हता, हे सांगायला नको. लोक विचारत होते की थीसिसचा सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो याचा अहवाल, कुठे मिळतो आणि किती टक्के चालतो. घरून जर्नल उघडतं का? शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, आपल्याच विषयावर आधी कोणी काम केलंय का, ते कसं बघायचं? संदर्भसूची हातानं करायची की कशात आपोआप होते? आणि पुन्हा पुन्हा, युनिकोड.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण सत्राचं अख्खं नियोजन त्याच्याभोवती फिरलं.

वही सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, इतिहासाचे एक संशोधक खुशीत आले. परभणीकडच्या एका कॉलेजात शिकवतात, वय पन्नाशीच्या आसपास. ‘मॅडम, शून्य टक्के! रिपोर्ट शून्य टक्के आला. पेढे कुठले आणू?’ मी फाइल मागितली. मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतलेला आणि त्याची पीडीएफ केलेली. मी त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, अंडरस्कोर, कंस आणि डॉलरची चिन्हं आली. सर बघतच राहिले. ‘हे माझंच आहे?’

श्रीलिपी काय, कृतिदेव काय, अशा जुन्या फाँटमध्ये मराठी फक्त आपल्या डोळ्यांना दिसते. आत साठवलेली असतात इंग्रजी कळफलकाची चिन्हं, फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. तपासणी करणारं सॉफ्टवेअर पोशाख बघत नाही. त्याला आतलं गबाळ दिसतं, आणि तसलं गबाळ जगात कुठे छापलेलं नसल्यामुळे साम्य शून्य येतं. म्हणजे सरांचा प्रबंध तपासलाच गेला नव्हता. पुढे तो शोधगंगेवर चढला असता, तरी आतला एकही मराठी शब्द शोधून कोणाला सापडला नसता. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. त्यात असून नसल्यासारखं राहायचं.

सरांना मी यूजीसीचे २०१८चे नियम समजावले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही कारवाई नाही. दहा ते चाळीस असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. चौदा शब्दांपर्यंत योगायोगानं जुळणारी शब्दमालाही सोडून देतात. हे सगळं सरांनी डायरीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, ‘हे आम्हाला कोर्सवर्कमध्ये का नाही सांगितलं?’ सांगितलं असेल, पण नोंदणीच्या पहिल्या वर्षी हा विषय ऐकून कोणाला काय कळणार? तेव्हा तर विषयाचं शीर्षकसुद्धा पक्कं नसतं.

तिथे माझ्या डोक्यात पक्कं झालं की आमच्या कार्यक्रमांची तारीख संशोधकाच्या घड्याळावर लागली पाहिजे. कोण नोंदणी करतोय, कोणाची सहामाही प्रगती सादर व्हायची आहे, कोण बांधणीला जायच्या बेतात आहे. जयंती या तिघांच्याही दारात एकाच दिवशी येते आणि तिघांच्याही उपयोगाची नसते.

हे ग्रंथालय समितीपुढे मांडायचं म्हणजे मात्र कसरत. बैठकीत विज्ञान शाखेचे एक सर, मराठीच्या मॅडम, वित्त विभागाचे प्रतिनिधी आणि आमचे संचालक. मी मसुदा वाचला. मराठीच्या मॅडमनी पहिला प्रश्न टाकला, ‘ग्रंथदिंडी काढून टाकली?’ नव्हती काढली. ग्रंथदिंडी मला स्वतःला आवडते. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, संविधान, पुढे लेझीम, मुली नऊवारीत, कुलगुरूसुद्धा दहा पावलं चालतात. त्यात काही वाईट नाही, आणि त्या दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जी गर्दी होते ती एरवी वर्षभर होत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की दिंडी दाराशी आली की लोकांना आत न्यायचं. दरवेळी दिंडी दारात विसर्जित होते आणि सगळे वडापावाकडे वळतात.

वित्तवाल्यांची अडचण वेगळीच निघाली. माझ्या मसुद्यात निम्म्याहून जास्त कार्यक्रमांपुढे खर्चाचा रकाना रिकामा होता. ‘मॅडम, खर्च नाही तर उपक्रम कसा दाखवायचा?’ व्याख्यानाला मानधन, प्रवासखर्च, शाल-श्रीफळ, बॅनर, तीन दरपत्रकं मागवून ठरवलेला चहा-नाश्ता, जीएसटीचं बिल असं सगळं असतं, म्हणून ते कागदावर भरीव दिसतं. बुधवारी दुपारी आठ-दहा जण ई-लायब्ररीत बसून फाँट बदलताहेत, याचं बिल कोण देणार? शेवटी प्रत्येक सत्रासमोर ‘स्टेशनरी’ म्हणून किरकोळ रक्कम टाकली. त्या पैशांतून वह्या आणि पेनं येतात आणि सगळ्यांचं समाधान होतं.

संचालक सर शांत बसले होते. ते म्हणाले, ‘रंगनाथनांचा चौथा नियम काय? वाचकाचा वेळ वाचवा. मग त्यांच्या जयंतीला आपण वाचकाचे दोन तास का घेतो?’ १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या त्या पाच नियमांवर माझ्या परीक्षेच्या काळात मी पानंच्या पानं लिहिली होती, पण कोणी त्यांचा असा बैठकीत उपयोग केलेला पहिल्यांदा पाहिला. मसुदा मंजूर झाला.

वेळ ठरवणं हे त्याहून अवघड. शुक्रवार दुपारनंतर वसतिगृहं रिकामी होतात, सगळे एसटीनं गावाकडे. सोमवारी अर्धे लोक दुपारपर्यंत पोहोचत नाहीत. सकाळी विभागांचे तास. संध्याकाळी शहरात जाणारी बस चुकली तर कॅम्पसमधून बाहेर पडायला रिक्षाचे पैसे मोजावे लागतात, आणि शिष्यवृत्ती कधी जमा होईल याचा भरवसा नसलेला मुलगा ते मोजत नाही. म्हणून बुधवार, दुपारी दोन ते साडेतीन. जेवण झालेलं असतं, बस अजून लांब असते. जागाही सभागृह नको, ई-लायब्ररी. सभागृहात माइक असतो, आणि माइक दिसला की कोणीतरी भाषण करतंच.

पहिलं सत्र आम्ही ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’वर ठेवलं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेली ही योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं, सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली. ज्या जर्नलची वर्गणी भरताना आमच्यासारख्या विद्यापीठाच्या नाकी नऊ यायचे, ती आता उघडतात. रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्राची मुलं खूश झाली. एका मुलीनं तर आधी कोणाकोणाला ईमेल पाठवून मागावे लागणारे पेपर तिथल्या तिथे उतरवून घेतले.

मागच्या रांगेत मराठी आणि इतिहासाचे संशोधक हाताची घडी घालून बसले होते. एकानं विचारलं, ‘यात आमचं काय?’ प्रश्न रास्त होता. हे प्रकाशक मुख्यतः आंतरराष्ट्रीय; दलित नियतकालिकांवर काम करणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. त्याला लागणारं सगळं आमच्याच दुसऱ्या मजल्यावर, नियतकालिक विभागात बांधीव खंडांमध्ये आहे. ‘अस्मितादर्श’, ‘प्रतिष्ठान’, ‘नवभारत’, ‘सत्यकथा’. खंडांवरची धूळ झटकली की हाताला कातडी बांधणीचा भुगा लागतो. मग पुढचा बुधवार त्यांचा ठरला. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत १८०० ते १९५०पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. ती उघडून कशी वाचायची, हे आजवर कोणी त्यांना दाखवलंच नव्हतं. राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर जुने ग्रंथ आणि नियतकालिकं स्कॅन करून ठेवलीत, तेही बहुतेकांना नवीन. त्या दिवशी साडेतीन वाजून गेले तरी कोणी उठेना. मामांनी पंखे बंद करून बघितले, तरी नाही.

संदर्भसूचीचं सत्र माझ्या अंदाजापेक्षा रटाळ झालं. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की इंग्रजी पुस्तकाची सगळी माहिती आपसूक भरतं. पण १९५५ सालच्या मराठी पुस्तकाला आयएसबीएन कुठून आणणार? सगळं हातानंच भरावं लागतं, मग मुलं म्हणतात, ‘यापेक्षा वर्डमध्ये बरं.’ ज्यांचे संदर्भ तीन-चारशेच्या घरात आहेत त्यांनाच ते पटलं. हे सत्र आता फक्त शेवटच्या टप्प्यातल्यांसाठी ठेवणार आहे.

युनिकोडचं सत्र सगळ्यात मोठं झालं, खुर्च्या वाचनकक्षातून आणाव्या लागल्या. कन्व्हर्टरमधून मजकूर काढणं सोपं, त्यानंतरची सफाई जिकिरीची. जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. आमच्या स्वतःच्या ओपॅकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या कॅटलॉगमध्ये, हा घोळ आहे, कारण नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी टाइप केल्यात. एक पुस्तक एका पद्धतीनं शोधलं की ‘उपलब्ध नाही’, दुसरीनं शोधलं की रॅकवर. हे मी सगळ्यांसमोर करून दाखवलं, तेव्हा देवघेवच्या मॅडम म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं आम्ही लोकांना नाही म्हणून परत पाठवतोय त्यातली काही पुस्तकं होती?’ होती.

त्या सत्रात समाजशास्त्राची एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. ती एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं स्क्रीन रीडर वापरते. सगळे टक्केवारीची चर्चा करत असताना तिनं हेडफोन काढून स्पीकर लावला आणि सरांच्या त्या श्रीलिपीतल्या प्रबंधाचं एक पान संगणकाकडून वाचून घेतलं. ‘अंडरस्कोर ए एम आर ग्रेटर दॅन…’ खोलीत हशा पिकला, आणि लगेच ओसरला. ती म्हणाली, ‘मला विभागातून मिळणाऱ्या नोट्स निम्म्या अशाच असतात.’ त्यानंतर तिच्या विभागाच्या नोट्स बदलून देण्याचं काम ‘कमवा आणि शिका’च्या दोन मुलांनी अंगावर घेतलं. हे कोणत्याच यादीत नव्हतं. अहवालात मात्र मी ते घातलंय, फोटोशिवाय.

आता पुढचं. १२ ऑगस्टला हार आणि प्रतिमापूजन दहा मिनिटांत आटोपून नवीन प्रवेश घेतलेल्यांना रॅकपर्यंत नेणार आहोत. प्रत्येकानं आपल्या विषयाचं एक पुस्तक कॅटलॉगमध्ये शोधून, वर्गांक बघून, स्वतः काढून आणायचं. पाहुणे बोलावलेले नाहीत. वाचन प्रेरणा दिनाला अभिवाचन आहे, आणि यंदा अभ्यासिकेतल्या कोणालाही उठवायचं नाही, असं मामांना बजावलंय. मामा म्हणाले, ‘मग फोटोचं बघा तुमचं तुम्ही.’ बघू. ऑक्टोबरच्या शेवटी ‘ओपन अ‍ॅक्सेस’चा, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या संशोधनाचा, आठवडा जगभर पाळतात, त्यात शोधगंगेवर आपल्या विषयाचे जुने प्रबंध शोधायला बसू. नोव्हेंबरच्या सप्ताहात दिंडी आहेच. ती या वेळी दुसऱ्या मजल्यापर्यंत येईल. लेझीम मात्र खालीच थांबेल, वर अभ्यासिका आहे.

बुधवारची सत्रं परीक्षा सुरू होईपर्यंत चालू राहतील. पुढचं सत्र सिमिलॅरिटी रिपोर्ट वाचण्याचं. टक्का बघून घाबरून येणाऱ्यांची संख्या वाढलीय. रिपोर्टात कुठला रंग कुठल्या स्रोताचा, आणि त्यातलं अवतरणाचं साम्य कुठलं, एवढं कळलं तरी निम्म्यांची झोप परत येते. नावनोंदणी काउंटरवरच्या त्याच वहीत करायची. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर ई-लायब्ररीतले संगणक आहेत, फक्त पावणेदोनला या. फाइल पेनड्राइव्हवर आणताना पीडीएफ नको, डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या. तो आधी ‘देत नसतो’ म्हणेल. थोडा वेळ समोर बसून राहिलात की देतो.